मग काय झालं, जिभाऊ?

आमच्या ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात एक फाइल आहे. वर लिहिलंय ‘गाव आपत्ती व्यवस्थापन आराखडा’. आत एक नकाशा, फोन नंबरांची यादी आणि सूचना. यादीतले तलाठी कधीच बदलून गेले, पोलीस पाटील वारले. सूचना क्रमांक चार अशी आहे: ‘पूर आल्यास नदीकाठच्या कुटुंबांना सुरक्षित स्थळी हलविण्यात यावे.’ कोणी हलवायचं, कुठे, अंधार असला तर कसं, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला कोण उचलणार, याबद्दल फाइल गप्प आहे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. चौथीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर लाल शाईने समासात ‘कोण?’ असं लिहून वही परत केली असती.

गाव चाळीसगाव तालुक्यातलं, तितूरच्या काठचं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती सगळी माणसं मोबाइलवर हे वाचतात आणि नंतर शेवभाजीच्या जेवणाला बोलावून भांडतात.

गेल्या पावसाळ्याआधी एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आले होते. विषय हवामान बदल. पडद्यावर २०५० सालापर्यंत चढत जाणारी लाल रेघ होती. साहेब मनापासून बोलत होते, तयारीही चांगली होती. शेवटी ‘काही शंका?’ म्हणाले, तर मागून एकाने विचारलं, “साहेब, यात अनुदान कशावर आहे?” मंडपात हशा झाला. मला तो प्रश्न रास्तच वाटला. ज्या रेघेत आपलं घर, आपला गोठा कुठेच दिसत नाही, तिच्याबद्दल माणूस दुसरं काय विचारणार? आणि त्याच रात्री तीच माणसं मारुतीच्या ओट्यावर २०२१ च्या पुराबद्दल किती तरी वेळ बोलत बसली होती, कोणी विचारलं नसताना.

तो पूर ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ३० ऑगस्ट २०२१, सोमवार, गोकुळाष्टमी. रात्री बाराला पाळणा हलवून, सुंठवडा खाऊन लोक झोपले. तिकडे पाटणादेवीच्या डोंगरात आणि कन्नडच्या घाटात पावसाने असं काही धरलं की घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर रस्ता बंद पडला. पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगाव शहरात शिरल्या. बाजारपेठेत पाणी, काठच्या गावांत पाणी, बांधासकट वाहून गेलेली शेतं. जनावरं तर शेकड्यांनी गेली. पोळा आठवड्यावर आला होता. कित्येक घरांत शिंगं रंगवायला आणलेला रंग तसाच राहिला.

तर श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, आधीच्या दिवसांत, आम्ही ओट्यावर मुद्दाम बसायला लागलो. माझं काम एकच: “मग?” असं विचारणं. वर्गात पोरं गोष्ट सांगताना ‘आणि मग खूप मज्जा आली’ म्हणून घाईघाईने आटपतात, तेव्हा मी जे करायचे तेच.

शेजारचे जिभाऊ सत्तरीच्या पुढचे, आवाज अजून खणखणीत. त्यांची गोष्ट गावाला पाठ आहे. छातीइतकं पाणी, अंधार, खांद्यावर वासरू घेऊन जिभाऊ ओट्यापर्यंत आले.

“मग काय झालं, जिभाऊ?”

“मंग काय व्हयनं? वाचनं वासरू!”

“बरं, त्याच्या आधी? जाग कशाने आली?”

इथे ते थांबले. हे त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. जाग नदीच्या आवाजाने आली नव्हती. म्हैस ओरडली म्हणून आली. आणि म्हैस ओरडली, कारण गोठ्यात मागच्या बाजूने, शेताकडून, पाणी शिरलं होतं. नदी समोर आणि पाणी मागून! मग मागच्या गल्लीतले एकेक जण बोलायला लागले. त्यांच्याकडेही तसंच झालं होतं. जुळवता जुळवता चित्र स्पष्ट झालं. तितूर फुगली तसं नाल्याचं पाणी तिच्यात उतरेना, ते मागे तुंबत गेलं. त्यात नाल्यावरची मोरी पऱ्हाट्यांनी गच्च भरलेली. कपाशी उपटली की पऱ्हाट्या नाल्याच्या काठाला रचून ठेवायच्या, ही आमची जुनी खोड. जागं झालेलं गाव नदीकडे बॅटऱ्या मारत उभं होतं आणि पाणी पाठीमागून येऊन चुलीत शिरलं. फाइलमधल्या नकाशात निळा रंग अजूनही फक्त नदीकाठाला आहे.

बायकांची बैठक माझ्या अंगणात झाली, रोटांचे गहू निवडता निवडता. त्यांच्या गोष्टीत वासरं नव्हती. आधी काय उचललं? रेशनकार्ड, बचत गटाचं पासबुक, एकीने नातवाची औषधाची बाटली. एकीची सून दिवस भरत आलेली, तिला धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, चढवायचं तर शिडीच सापडेना, कारण ती कोणी तरी अष्टमीची हंडी बांधायला नेली होती. आणि जवळपास सगळ्यांच्या गोष्टीत एक कुलूप होतं. शाळेची इमारत गावात सगळ्यात उंच, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पोरंबाळं घेऊन बायका तिथे पोचल्या तर जिन्याच्या जाळीला कुलूप. चावी शिपायाकडे, शिपाई दुसऱ्या गावाला. उजाडल्यावर कुणी तरी दगडाने कुलूप फोडलं, तोवर त्या जिन्याच्या पायऱ्यांवर भिजत उभ्या होत्या. पुरुषांच्या एकाही गोष्टीत हे कुलूप नाही. ते तिथे नव्हतेच, गोठ्यात होते.

एक गोष्ट लवकर लक्षात आली: हातात पेन घेऊन बसायचं नाही. पेन दिसलं की गोष्ट नुकसानभरपाईकडे वळते. पाणी घोट्याचं गुडघ्याला येतं, दोन पोती चार होतात. लोकांना खोटं बोलायची हौस असते असं नाही. पुरानंतर जो जो लिहून घेणारा आला तो पंचनाम्याचाच होता, त्यामुळे लेखणीसमोर कसं बोलायचं याचं वळण पडून गेलंय. नदीकडच्या भिल्ल वस्तीवर तर मला आधी कोणी काही सांगेचना. एका तरुणाने सरळ तोंडावर विचारलं, “बाई, मागच्या टायमाले सांगं, त्यानं काय व्हयनं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चहा पिऊन परत आले. नंतर त्यांच्यातल्या एका आजीने स्वतःहून सांगितलं ते असं, की नदीचं पाणी वाढण्याच्या बरंच आधी त्यांनी पोरं उचलून गायरानाच्या चढावर नेली होती, कारण पाण्यावर ओला पालापाचोळा आणि डोंगरातली लाल माती दिसायला लागली होती. म्हणजे वर डोंगरात पाऊस कोसळतोय. ही माहिती गावात आणून द्यायला कोणी आलं नाही, आणि गावातून वस्तीवर कोणी गेलं नाही. मध्ये अंतर जेमतेम ओरडून ऐकू जाईल इतकं.

इथे मला इंडोनेशियातलं सिम्युलु बेट आठवतं. १९०७ साली तिथे त्सुनामी आली आणि पुष्कळ माणसं गेली. उरलेल्यांनी त्याची गोष्ट केली, अंगाईत घातली, पोराबाळांना सांगत राहिले. त्या लाटेला त्यांचा शब्द ‘स्मोंग’. गोष्टीचा गाभा एवढाच: जोराचा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगरावर पळा, कशाला थांबू नका. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र मागे हटला. भूकंपाचं केंद्र जवळच होतं, लाट येईपर्यंत मिनिटंच हातात होती. पण बेटावरची माणसं पळाली. सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर ७ जण दगावले, आणि त्याच आचे प्रांतात, समोरच्या मुख्य किनाऱ्यावर, लाखावर माणसं गेली.

आमच्या गोष्टींत आणि त्यांच्या गोष्टीत फरक कुठे आहे, यावर मी बराच विचार केला. आमच्या गोष्टीत शौर्य आहे, विनोद आहे, कोणाचा रेडा कुठे सापडला याची बित्तंबातमी आहे. पण कोणती खूण दिसली की काय करायचं, हे तिच्यात नाही. भिल्ल आजीच्या गोष्टीत होतं. म्हणून आता शाळेतली पोरं पुराची गोष्ट आजीच्या खुणेपासून सुरू करतात: पाण्यावर पाला आणि लाल गाळ, की आधी ढोरं सोडायची. जिभाऊंचं वासरू गोष्टीत आहेच, ते काढलं असतं तर त्यांनी मला ओट्यावर बसू दिलं नसतं.

पण जुन्या गोष्टी घातही करतात. आमच्याकडे म्हातारी माणसं ठासून सांगायची, पाणी पाराच्या वर कधी गेलं नाही. त्या भरवशावर २०२१ ला काही घरांनी सामान पारावर नेऊन ठेवलं आणि ते वाहून गेलं. म्हाताऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या आयुष्यात खरंच गेलं नव्हतं. पाऊस बदललाय. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि ते एकदाच कुठे तरी ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. आपल्याकडे वर्षाची सरासरी कागदावर फारशी हलत नाही, पण पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत हिशेब पुरा करतो. तेव्हा आजोबांची गोष्ट हवीच, पण तिच्यापुढची, अजून न घडलेली गोष्टही आपणच रचायला हवी.

न घडलेली म्हटलं की आमच्याकडे लोकांना भेंडवळची घटमांडणी आठवते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बुलढाणा जिल्ह्यात घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस कसा, पिकं कशी, राजा टिकणार की नाही, हे सगळं सांगतात, आणि पेपरात ते चवीने वाचलं जातं. ते भाकीत झालं. आम्हाला ‘काय होईल’ हे नको होतं, ‘असं झालं तर मी काय करीन’ हे हवं होतं. गंमत म्हणजे या पद्धतीत वाकबगार कोण, तर एक तेल कंपनी! १९७० च्या सुमारास शेल कंपनीच्या लंडन कार्यालयात पिएर वाक नावाचे गृहस्थ साहेबांना भविष्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत. त्यातल्या एकीत तेलाचा पुरवठा आवळला जाऊन भाव भडकतात. १९७३ ला तसंच घडलं, आणि ज्यांनी ती गोष्ट आधी ऐकली होती ते इतरांइतके गांगरले नाहीत. ज्यांच्या तेलाच्या धुराने हवा तापली त्यांचीच युक्ती वापरायची, यात मला काही गैर वाटत नाही.

आमचे नियम मात्र आमचे. गोष्टीत हेलिकॉप्टर येणार नाही. तहसीलची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येईल, त्याआधी नाही. गल्ल्या, विहिरी, झाडं खरी. आणि प्रत्येकाने फक्त ‘मी’ने बोलायचं, ‘लोक’ किंवा ‘प्रशासन’ म्हणायचं नाही.

पहिली गोष्ट अशी मांडली: भादवा, दुपारचे तीन, ऊन पडलंय, गावात थेंब नाही, पण डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस होऊन गेलाय.

सरपंच म्हणाले, “मी सगळ्यांना सूचना देईन.”

“कशाने?”

“भोंग्यावरून.”

“लाइट गेली आहे.”

सरपंच माझेच विद्यार्थी, तिसरीत असतानाही असेच वर बघायचे. मग कोणी तरी म्हणालं, मशिदीच्या भोंग्याला बॅटरी आहे. तिथून गोष्ट पुढे सरकली. पुढे शाळेतले सर म्हणाले, “मी पोरांना वरच्या मजल्यावर नेईन.” चावीचा विषय निघाला, त्यावर थोडी वादावादी झाली. मग पाळी आली बायकांची. त्या वेळी निंदणी सुरू असते, निम्म्या बाया नदीच्या पलीकडच्या शेतांत. पहिली म्हणाली, “मी फरशी ओलांडून पोराकडे येईन.” दुसरी तेच. तिसरी तेच. सगळ्या एकामागून एक, जराही न अडखळता, पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर चालत निघाल्या होत्या.

ओट्यावर कोणी काही बोलेना. ‘जाऊ नका’ असं सांगून त्या थांबणार नव्हत्या, हे सगळ्यांना कळत होतं. आईला थांबवायचं तर पोरगं सुखरूप आहे हे तिला पलीकडून दिसलं पाहिजे. उपाय सातवीतल्या एका पोरीने काढला: शाळेच्या गच्चीवर काठीला लाल साडी बांधायची. साडी दिसली म्हणजे पोरं वर आहेत, मोजून झाली आहेत, पलीकडेच थांबा. साडी माझी गेली, लग्नातली नव्हे, निरोपसमारंभात मिळालेली. एका दुपारी पलीकडच्या शेतांतून बायांनी हात हलवून दाखवला तेव्हा कळलं की निंबाच्या मागे दोन शेतं आहेत तिथून ती दिसत नाही. त्या दोन शेतांचं अजून ठरायचंय.

मोबाइलवर येणाऱ्या ‘ऑरेंज अलर्ट’चंही असंच झालं. मेसेज सगळ्यांना येतो, वाचतात आणि फॉरवर्ड करतात. आता गावात त्याला अर्थ आहे. ऑरेंज आला की रात्री ढोरांची साखळी काढून दावं बांधायचं, एका ओढीत सुटेल अशा गाठीचं. २०२१ ला पुष्कळ जनावरं साखळीला बांधलेल्या जागीच गेली होती.

उन्हाच्या बाबतीत मात्र माझी गाडी अडली. पुराची गोष्ट होते. दुष्काळाचीही होते: १९७२ म्हटलं की खडी फोडण्याची कामं, सुकडी, मिलोची लाल भाकर, सगळं ओळीने येतं. पण उन्हाची गोष्ट कोणी सांगत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पेपरात ‘भट्टी’चा तोच मथळा येतो, आणि आम्ही त्यात थोडा अभिमानही मिसळतो की खान्देशी माणसाला ऊन लागत नाही. उन्हाला सुरुवात नाही, आवाज नाही, वाहून गेलेलं काही दाखवता येत नाही. म्हातारा माणूस मे महिन्यात गेला तर ‘वय झालं होतं’ म्हणतात. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू जास्त झाले, हेही आकडे मांडून बसल्यावरच दिसलं. त्यावरून २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. तिथे माझ्या वहिनीच्या ओळखीतली एक बाई घड वाहायला जाते. तिला मी म्हटलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंतचं सांग, काही गाळू नको. मला वाटलं होतं तिचा जीव दुपारी बागेत जात असेल. तसं नव्हतं, बागेत निदान सावली असते, पाण्याचा ओलावा असतो. तिने सांगितलं ते असं: शेतावर मुतारी नाही म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. गाडी व्यापाऱ्याच्या सोयीने येते, म्हणून भर उन्हात घड बांधावर आणून रचायचे. आणि खरी भट्टी संध्याकाळी, पत्र्याच्या घरात, दिवसभर तापलेल्या छपराखाली चुलीसमोर. मग रात्री लाइट जाते आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. तिच्या सासूचं जुनं घर धाब्याचं होतं, पांढऱ्या मातीच्या छताचं. ते पाडून पत्रे टाकले, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

या एका दिवसाच्या गोष्टीत जितकी कामं दडली आहेत तितकी कुठल्याच परिपत्रकात मी वाचली नाहीत. ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये’ ही सूचना तिच्या काही कामाची नाही, कारण तिचं घर बाहेरपेक्षा वाईट आहे. तिथल्या बचत गटाने पत्र्यावर पांढरा चुना मारून पाहिलाय आणि संध्याकाळचा स्वयंपाक ओसरीत आणलाय. गाडीची वेळ बदलायला मुकादम तयार आहे, व्यापारी नाही.

आमच्या गावात काय झालं ते सांगते. शाळेच्या जाळीच्या तीन चाव्या झाल्या, त्यातली एक वस्तीवर आजीकडे असते. हे काही लोकांना रुचलं नाही, पण दिली. मोरी आखाजीच्या आधी साफ करायची ठरली आणि यंदा झाली. पऱ्हाट्या नाल्याकाठी टाकणं निम्म्याने कमी झालंय. उरलेल्या निम्म्यांची नावं मला माहीत आहेत, त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहेत.

ढोरांचं मात्र सुटलेलं नाही. दावं सोडल्यावर ती न्यायची कुठे? उंच जागा एकच, गायरानाचा चढ, आणि त्यावर आता शेड आहेत, मका आहे, एकाने पक्कं कंपाउंड घातलंय. प्रत्येक वेळी गोष्ट तिथवर येते आणि सगळे चपला शोधायला लागतात. सरपंच म्हणाले ग्रामसभेत घेऊ. १५ ऑगस्टची सभा कोरमअभावी तहकूब झाली. पुढची २ ऑक्टोबरला आहे, तोवर पावसाळा जवळजवळ सरलेला असेल. जिभाऊंनी सांगून ठेवलंय, त्या दिवशी ते म्हशीला घेऊनच सभेला येणार आहेत.